जंगम की स्थावर?

मी एक जुनी पत्र्याची केबिन आहे, मित्रांनो, आणि मी तीनदा आकाशात उडालेय. खोटं नाही सांगत, ऐका तर.

माझा जन्म वापीकडच्या एका शेडमधला. लोखंडी सांगाडा, दोन खिडक्या, आणि डोक्यावर चार कोपऱ्यांना चार हूक. क्रेनने हुकांत साखळ्या अडकवून मला ट्रकवर चढवलं, तेव्हा पायाखाली काहीच नव्हतं, नुसता वारा. ते पहिलं उडणं. चारोटीला पुलाच्या कामावर उतरवलं ते दुसरं. तिथे मी साइट ऑफिस होते. काय तो थाट, एसी काय, नकाशे काय, दिवसभर चहा काय. मग पूल झाला, सगळे गेले आणि मी गवतात राहिले. माझ्या सावलीत शेळ्या बसायच्या, तेवढीच सोबत.

त्या वर्षी आपल्या डहाणू-तलासरीत धरणीकंपाचे धक्के बसत होते. तुम्ही लहान असाल, घरी विचारा. रानशेतचा ललित राऊत, रेल्वेत सिग्नलच्या कामाला, त्याच्या विटांच्या घराला ही एवढी भेग गेली. त्याची आई हिराबाई, बायको सुधा, छोटी श्रुतिका, सगळी अंगणात ताडपत्रीखाली झोपायची. ललितने विचार केला, पत्र्याचं घर हलकं, अंगावर कोसळायची भीती कमी. म्हणून त्याने मला आणलं. तिसरं उडणं. हिराबाईंनी नाक मुरडलं.

"ही काय पानाची टपरी उचलून आणलीस?"

आधी मी नुसती विटांच्या थरांवर उभी होते. एका धक्क्यात वीतभर सरकले, मित्रांनो, आणि आतली माणसं किंचाळत बाहेर पळाली. मग ललितने खड्डे खणले, काँक्रीटचे खांब ओतले आणि माझे पाय त्यात बोल्टांनी जखडले. त्यानंतर किती धक्के आले, पण मी जागची हलले नाही. हळूहळू हिराबाईंनी माझ्यापुढे ओटा घातला, तो सारवला, हुकांना दोरी बांधून लुगडी वाळत घातली. टपरी म्हणायच्या अजून, पण प्रेमाने.

आता खरी गोष्ट. न्हाणीघर आवाराच्या पार टोकाला. मागच्या पावसाळ्यात हिराबाई तिथे जाताना घसरल्या, तेव्हापासून हातात काठी. सुधाने ठरवलं, मला जोडून एक पक्की खोली बांधायची, आत न्हाणी, सगळं सपाट. बँक म्हणाली, कर्ज देऊ, पण आधी आमचा माणूस घराची किंमत ठरवायला येईल. आणि नाही मिळालं तर? तर डहाणूत भाड्याने राहायचं आणि मला चारोटीच्या भंगारवाल्याला द्यायचं. ललित हे माझ्याच भिंतीला टेकून बोलला. हिराबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग तयारी सुरू. ललितने रजा घेतली, गंज घासला, मला आकाशी रंग दिला. हूक पिवळेधमक रंगवले. खालचे खांब ओबडधोबड दिसतात म्हणून भोवती हिरवी जाळी लावली. मी तर नव्या नवरीसारखी लाजत होते.

बँकेचे देवेशसाहेब आले, टेप काढून मापं घेऊ लागले. ललितला राहवेना.

"हे हूक बघा साहेब. क्रेन बोलवा, अर्ध्या तासात कुठेही नेता येतं."

साहेबांची टेप थांबली. जरा नाराजीनेच ते म्हणाले, "म्हणजे हे जंगम झालं हो. बँकेला स्थावर लागतं."

ओट्यावरून हिराबाई म्हणाल्या, "जंगम नाय हो साहेब, राऊत आम्ही."

सुधाला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरले. तिने सासूला समजावलं, आई, आडनाव नाही, जंगम म्हणजे हलणारं, म्हणून कर्ज नाही मिळणार. हिराबाई काठी टेकत उठल्या आणि काठीनेच ती हिरवी जाळी बाजूला सारली.

"हलणारी? धरणी हलली, माझा माठ फुटला, पण ही हलली नाय. वाकून बघा की."

साहेब खरंच गुडघ्यांवर बसले. खांब पाहिले, बोल्ट हलवून पाहिले, फोटो काढले. उठून पँट झटकत ललितला म्हणाले, "दाखवायचं ते झाकलंत आणि झाकायचं ते रंगवलंत, राव." मग वर बघून म्हणाले, "हे हूक कापा आणि मला फोटो पाठवा. मग मी स्थावर लिहितो."

हूक कापायचे. म्हणजे पुन्हा कधी उडणं नाही. ग्राइंडर लागला तेव्हा ठिणग्या उडाल्या आणि मला तो पहिला वारा आठवला. वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण खाली हिराबाई उभ्या होत्या, माझ्या भिंतीवर हात ठेवून.

कर्ज मिळालं, खोली झाली. आता हिराबाई माझ्या दारातून सरळ न्हाणीत जातात, काठी माझ्याच कोपऱ्यात ठेवून. लुगड्यांची दोरी नव्या भिंतीला गेली. एक हूक श्रुतिकाने जपलाय, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ती तो दाराला लावते. पिवळा रंग अजून तसाच आहे.

मित्रांनो, घर सजवाल तेव्हा खुशाल रंग लावा. पण त्याआधी एकदा वाकून खाली बघा, ज्याच्यावर ते उभं आहे त्याचा गंज काढा, आणि त्याच्यावर कधी जाळी टाकू नका.