धोंडप्पांच्या खुर्चीवर कोण बसणार?

मित्रांनो, माझे दोन्ही हात अजून शाबूत आहेत, हे आधीच सांगून ठेवते. मी सास्तूरच्या धोंडप्पांच्या कापडदुकानातली जुनी सागवानी खुर्ची. भूकंपात पडलेल्या घराच्या तुळईतून बलभीम सुतारानं मला घडवलं. तीस वर्षं धोंडप्पा माझ्यावर बसून खण आणि धोतरं विकत होते. गिऱ्हाईकं माझं कौतुक करायची, आणि मीही काही कमी शेफारले नव्हते.

गेल्या माघात एका दुपारी कापड फाडता फाडता धोंडप्पा एकाएकी कोसळले. आजारपाजार काही नाही. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. भस्म लावून, हार घालून त्यांना शेवटच्या दर्शनासाठी माझ्यावरच बसवलं. त्यानंतर माझ्यावर कुणी बसेना. त्यांच्या पत्नीनं, पार्वतम्मांनी, मला गोठ्यात टाकलं. तिथं माझ्यावर कोंबड्या बसायच्या. लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यांची लेक शिवप्रिया पुण्यात सिनेमा शिकत होती. सहा महिने तिचं कशातच मन लागलं नाही. मग तिनं ठरवलं, अप्पांच्या शेवटच्या दिवसावर सिनेमा करायचा. पार्वतम्मा चिडल्या.

"गेलेल्या माणसाचा खेळ मांडतीस व्हय गं?"

"अव्वा, मला त्यांच्याशी शेवटचं बोलायला मिळालं न्हाय. मी हे करणारच."

तिनं मला गोठ्यातून काढून घासलं. दुकानाच्या फरशीवर माझ्या पायांचे डाग होते, नेमकं तिथंच ठेवलं.

अप्पांचं काम करायला भीमाशंकर गुरुजी तयार झाले होते. गावच्या नाटकांतले नावाजलेले नट. पण मला बघताच ते दारातच थबकले.

"पोरी, दुसरी खुर्ची घे की. हिच्यावर म्या बसायचो न्हाय."

"दुसरी चालायची न्हाय, गुरुजी."

मागून आणलेला कॅमेरा संध्याकाळी परत जायचा होता. शिवप्रियानं शेजारीपाजारी विचारलं, पण सगळ्यांनी अंग काढून घेतलं. उन्हं कलली, तरी ती कॅमेऱ्यापासून हलली नाही. "रिकाम्या खुर्चीचं चित्रीकरण करीन, पण आजच करीन," असं म्हणत तिनं कॅमेरा माझ्यावर रोखला.

तेवढ्यात पार्वतम्मा दुकानामागच्या स्वयंपाकघरातून आल्या. पदर खोचला आणि माझ्यावर बसल्या. त्यांनी मान वर केली आणि त्या तशाच बघत राहिल्या.

"प्रिया, इथनं चूल दिसती गं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, हे रस्त्याकडं बघत बसतेत. दिवसभर मीच दिसत होते व्हय त्यांना?"

सहा महिन्यांत त्या पहिल्यांदा रडल्या. शिवप्रियाही रडत होती, पण तिनं कॅमेरा बंद केला नाही.

सिनेमा पुरा झाला. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू गोठ्यात टाकू नका, देव्हाऱ्यातही ठेवू नका. पुसा, आणि तिच्यावर घटकाभर बसा. तो माणूस कुणाकडं बघत होता, ते तुम्हाला कळेल.