बाकावरची जागा

बेर्तुचीने मासळीची ताटली पुढे सरकवली. झानाकीने तिच्यावरचा आंबटगोड कांदा बाजूला केला आणि हात तिथेच ठेवून बसून राहिला.

"खा रे. त्या त्रेबिझोंद बंदरात असलं मिळत होतं का?"

"यादी आज बंद होणार ना?"

"संध्याकाळी."

नवा कायदा झाला तेव्हा झानाकी समुद्रापार होता. गेल्या चार वर्षांत जे शहराच्या महासभेत बसले, त्यांनाच यापुढे तिथे बसता येणार होतं, त्यांच्यामागून त्यांच्या मुलानातवंडांना. बाकीच्यांची नावं सुचवायला तीन माणसं नेमली होती आणि बेर्तुची त्यांतला एक होता.

पूर्वी व्हेनिसमध्ये असं नव्हतं. हे दोघे नावाड्यांची पोरं. एका विधवेने भांडवल घातलं, यांनी अंगमेहनत घातली, आणि दोघे व्यापारी झाले. मग आपसात ठरलं, एकाने जहाजावर जायचं, एकाने घर सांभाळायचं, आळीपाळीने. पैशामागून मानही आला. सहा वर्षांपूर्वी झानाकी वर्षभर महासभेत बसला होता. तिथे त्याने मोठे दिवे लावले असं नाही. पण शेजारी बसणारा मिठाचा व्यापारी त्याच्याकडे वाकून विचारायचा, "तुला काय वाटतं?" बायको गेल्यापासून त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं.

"खरं सांगू?" बेर्तुची म्हणाला. "आता जागा म्हणजे घराण्याची गोष्ट झाली. तुला मूल ना बाळ. तुला ती हवी कशाला?"

"बसायला."

बेर्तुचीला हसू आलं, ते त्याने आवरलं.

"तुझं नाव सुचवलं आणि ते मतांत पडलं, तर माझाही शब्द पडेल, झानाकी. मला तीन मुलगे आहेत."

"धाकटा पाच वर्षांचा झाला असेल."

बेर्तुचीने मान खाली घातली. त्या वर्षी जायची पाळी त्याची होती. त्याची बायको बाळंतपणात अडली, म्हणून झानाकी त्याच्याऐवजी जहाजावर चढला होता, आणि तिकडेच अडकल्याने महासभेतली ही चार वर्षं त्याला हुकली होती.

"ते मी विसरलेलो नाही."

"दिसतंय की. मासळी वाढलीस."

चौकातली सभेची घंटा वाजू लागली. बेर्तुची उठला आणि त्याने झगा चढवला.

"वसंतात माल पाठवायचाय. निघशील ना?"

"पाळी कोणाची आहे?"

बेर्तुची झगा सारखा करू लागला. गळ्याजवळचा आकडा त्याला काही केल्या लागेना. शेवटी झानाकीने उठून तो लावून दिला. त्याला फार वाईट वाटत होतं, तरी आकडा नीट बसलाय ना, हे त्याने पुन्हा एकदा पाहिलं.

सभागृहापर्यंत दोघे बरोबर चालले. पहारेकऱ्याने बेर्तुचीला वाट दिली. झानाकीही सवयीने दोन पायऱ्या चढला.

"आपण नाही, शेठ," पहारेकरी हळूच म्हणाला.

बेर्तुचीने मागे वळून पाहिलं नाही. दार लागलं. आतून बाकं सरकल्याचे आवाज आले, कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसलं.

बाहेर भिंतीला लागून दगडी बाक होता. झानाकी त्याच्या मधोमध टेकला. थोड्या वेळाने तो एका कडेला सरकला आणि शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून बसला.