डोक्याकडची दोरी

"एर्लेंड, पेंग्विन हो बघू! हात मागे, पोट पुढे, आणि फुगा खाली पडू द्यायचा नाही हं!"

शी! पन्नाशी उलटलेला घोडा मी. ऑर्कनी बेटांभोवतीच्या समुद्रात खेकड्यांचे पिंजरे ओढण्यात हयात गेली, आणि ही व्यायाम शिकवणारी कालची पोरगी मला स्पंजच्या गादीवर उभं करून फुगे उडवायला लावते. म्हणे तोल सुधारतो! वर बालवाडीतलं गाणं लावलेलं. मल्टिपल स्क्लेरोसिसनं, या नसांच्या दुखण्यानं, पायांतला जोर गेला म्हणजे अक्कलही गेली, असं वाटतं की काय या लोकांना?

"तोंड कशाला वाकडं करतोस?" शेजारच्या गादीवर डुलणारी थोरा म्हणाली. तिलाही हाच आजार. "जमत नसेल तर जा की घरी."

"जातो कसला! शुक्रवारी आईला पुरायचंय."

आमच्याकडे शवपेटी घरचेच लोक दोऱ्यांनी खाली सोडतात. डोक्याकडची दोरी थोरल्या मुलाची. पण धाकटा रॉबी कालच म्हणाला होता, "दादा, तू आपला खुर्चीत बस. तुझी दोरी मी धरतो. खड्ड्यात पडलास तर काय तमाशा होईल!" चिंता कसली, तर तमाशाची! असा संताप आला होता म्हणून सांगू.

म्हणून झालो पेंग्विन. बगळाही झालो. पोरीनं "शाब्बास!" म्हणून टाळ्या पिटल्या, तेव्हा फक्त ओकायचा बाकी राहिलो.

शुक्रवारी वारा सुटला होता. मी काठी रॉबीच्या बायकोकडे दिली आणि डोक्याकडे जाऊन उभा राहिलो. रॉबी पायाकडून टक लावून बघत होता. बघ लेका, म्हटलं, नीट बघ. पेटी हलली. सगळ्यांच्या बरोबरीनं दोरी हळूहळू सोडत गेलो. एकदाही झोक गेला नाही. आई खाली टेकली.

मग रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी दोऱ्या पेटीवर टाकल्या. पाद्रीबाबा मात्र प्रार्थना सुरू करीनात. सगळे माझ्याकडे बघत होते. मला कळेना, का.

रॉबी खड्ड्याला वळसा घालून आला. हळूच म्हणाला, "दादा, सोड आता."

"सोडली की!"

"नाही रे."

खाली बघितलं. दोरी माझ्या मुठीतच होती आणि बधिर बोटांना पत्ताच नव्हता. माझ्याच हाताची मला शिसारी आली. त्यानं माझं एकेक बोट उघडलं आणि दोरीचं टोक माझ्या तळहातावर तसंच राहू दिलं, म्हणजे हात कलता करून ती मला स्वतःच खाली सोडता येईल.