किमान थरथर

हिरामणने शवपेटीच्या काचेवर तळहात ठेवला तो उचलेचना.

"हालतोय," तो म्हणाला.

आत ओमकार. परवा लोधिवलीजवळ दुचाकी घसरली, तेव्हापासून पोरगा पहिल्यांदाच बापाला उलट बोलत नव्हता. धाकटी अपेक्षा दुबईहून पोचेपर्यंत म्हणून मांडववाल्याकडून ही गार पेटी आणली होती. तिच्यावर 'लग्नकार्यात कुल्फीचीही सोय होईल' असं लिहिलं होतं. अपेक्षा सकाळी आली आणि रडून रडून आतल्या खोलीत पडली. तिरडी अंगणात तयार होती. हिरामण तेवढा तयार नव्हता.

"काका, पेटीवाल्याचा परत फोन आला," पुतण्या जितेश दारातून म्हणाला. "चौक गावात दुसरी मानसं पेटीसाठी थांबल्यात."

"त्यांना सांग, आमचा अजून गप नाय झाला."

जितेशने हिरामणच्या थोरल्या लेकीकडे, सुरभीकडे पाहिलं. घरात एमएस्सी झालेली तीच, म्हणजे चूकही तिचीच. कर्जतच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची, रविवारी ओटीवर शिकवणी घ्यायची. एकदा ती मुलांना सांगत होती, की वस्तू कितीही गार करा, तिच्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. शेवटची थोडी उरतेच, कण थरथरत राहतात. शेजारी वाल सोलत बसलेल्या हिरामणने विचारलं होतं, "देवाला पन त्यांना गप करता येत नाय?" मुलं हसली होती. तिने ठासून सांगितलं होतं, "नाही, बाबा."

आता ती त्याच्याजवळ खाली बसली. ओमकारच्या कपाळावरचे केस खरंच थरथरत होते. पेटीखालचा कॉम्प्रेसर घरघरत होता आणि त्याच्यासोबत सगळी फरशी.

"बाबा, त्या कणांचं हलणं डोळ्यांना दिसत नसतं. हे मशीन हलतंय." तिने पेटीच्या बटणाकडे बोट केलं. "बंद केलं की थांबेल."

"म्हाईत हाय गं."

"मग?"

"म्हनून तर बंद नको करू."

बटण तिच्या गुडघ्याशीच होतं. ती उठली, ओढणी सारखी केली आणि दारात गेली.

"काय म्हनतात?" जितेशने हळूच विचारलं.

"फिजिक्सप्रमाणे," सुरभी म्हणाली, "अजून थोडा वेळ लागेल."

कॉलेजात शिकवणारीच सांगते म्हटल्यावर जितेशने मान डोलावली आणि तिरडीभोवतीच्या माणसांना बसायला सांगितलं.