पान एकशे बेचाळीस

सतरा नंबरच्या बाईचा पाय तिच्या नवऱ्याने पलंगाच्या कडेवर आडवा धरला आणि त्यावर उभं राहून मोडला होता. हे तिने मला शिलाई मशिनवर बसल्या बसल्या सांगितलं. कोर्टाने नवऱ्याला तिच्यापासून लांब राहायचा आदेश दिला होता. असे आदेश खरोखर पाळले जातात का, हाच माझ्या पीएच.डी.चा विषय. मी आदेश मिळालेल्या चाळीस बायका शोधल्या, त्यांना नंबर दिले आणि खरी नावं कपाटात कुलूपबंद केली. त्या कुलपाचा मला केवढा अभिमान होता!

"आणि नवऱ्यांची बाजू?" माझे गाईड म्हणाले. "वकीलबाई, एकतर्फी संशोधन दिसलं तर परीक्षक फाडून खातील." मग मी चाळीसही नवऱ्यांना विद्यापीठाच्या कागदावर, विषय आणि माझं नाव लिहून, सहीनिशी पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. पीडा टळली म्हणून मी लिहायला बसले.

मावशींवर, म्हणजे सतरा नंबरवर, मी जीव ओतून लिहिलं. पुलाखालचं शिलाईचं दुकान, समोरचा चावीवाला, दारातली हिरवी छत्री, सगळं. सरांनी त्या एकशे बेचाळीसाव्या पानावर 'उत्तम!' असा शेरा मारला आणि मी दोन दिवस हवेत होते.

नियमाप्रमाणे प्रबंध पंधरा दिवस ग्रंथालयात सगळ्यांना वाचायला ठेवला. तोंडी परीक्षाही खुली, कोणीही यावं आणि प्रश्न विचारावा. एरवी कोण कडमडतंय तिथे! पण त्या दुपारी मागच्या रांगेत कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस वही घेऊन बसला होता. मला वाटलं, असेल कोणी प्राध्यापक. शेवटी तो अदबीने उभा राहिला.

"सतरा नंबरबद्दल विचारायचं होतं. ती बाई अजून डावा पाय ओढत चालते का?"

"हो," मी म्हणाले. एवढं बारकाईने वाचलंय म्हणून मला चक्क कौतुक वाटलं. तो आभार मानून निघून गेला. दार लागलं आणि माझ्या डोक्यात घण बसला. मी फक्त पाय मोडला एवढंच लिहिलं होतं. कुठला, ते कुठेच लिहिलं नव्हतं.

मी उठले.

"बाहेर पाऊल टाकलंस तर परीक्षा संपली!" सर ओरडले.

"संपू दे," म्हणत मी जिना उतरले. मावशींचा फोन नुसता वाजत राहिला. मशिन चालू असलं की त्यांना ऐकू यायचं नाही. पोलिसांना लावला तर ते कोर्टाच्या आदेशाचा क्रमांक विचारायला लागले. मला तो तोंडपाठ होता. पळता पळता सांगितला.

हिरवी छत्री रस्त्यात उलटी पडली होती. आत तो मावशींच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता आणि मशिनचं लाकडी झाकण त्यांच्या तोंडावर हाणत होता, घाई न करता, खिळा ठोकावा तसा. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्याने आधीच कात्रीने तोडली होती. चावीवाला कपाळ धरून दारात कोसळला होता. मी गरम इस्त्री उचलली आणि त्या नवऱ्याच्या मानेवर दाबली. कातडं चरचरलं, तो गुरासारखा ओरडला, तरी मी ती काढली नाही. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

तो आता आत आहे. सरांनी रदबदली केली आणि परीक्षा पुढच्या महिन्यात पुन्हा झाली, मी पास झाले. परीक्षकांनी एकच दुरुस्ती सांगितली, तळटिपांमधले स्वल्पविराम. पान एकशे बेचाळीसवर कोणाचाही आक्षेप नव्हता.

मावशींच्या जबड्याची तार काढली त्या दिवशी मी प्रबंध पिशवीत घालून दवाखान्यात गेले. त्यांचा चेहरा एका बाजूने खचला होता.

"त्याला दुकान कोणी दाखवलं गं?" त्यांनी विचारलं.

"मी." मला रडू आवरेना. "लिहिलं होतं मी. पण तुमचं नाव नव्हतं हो मावशी. शप्पथ, नाव कुठेच नव्हतं."

"वाच बघू काय लिहिलंस ते."

मी वाचलं. पूल, चावीवाला, हिरवी छत्री. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. माझं वाचून झाल्यावर त्यांनी तीन बोटांचा हात चादरीखालून बाहेर काढला आणि ते पान मिटलं.

"नाव त्याला ठाऊकच होतं बाळा," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्षं तेच नाव घेऊन मारलं मला. ठिकाण तेवढं ठाऊक नव्हतं."