तोंडात मोजा

मी घंटा बोलतेय, संसदेच्या वाचनालयाच्या दारावरची. पितळी वाटी, लोखंडी हातोडी आणि भल्याभल्यांना दचकवणारा आवाज, एवढीच माझी इस्टेट.

सभागृहात मतदान आलं की मी खणखणते. माझं वाजणं थांबलं की सभागृहाची दारं बंद. मग कितीही मोठा माणूस असो, बाहेरच. वाचनालयाची दारं जाड, बाहेरच्या घंटा आत ऐकू येत नाहीत, म्हणून मला इथे बसवलं. मी वाजले की खासदार चष्मा शोधत, चपला चाचपत पळत सुटायचे. मला भारी मजा वाटायची.

पण ग्रंथपालांना शांततेचं वेड. अधिवेशनाच्या सुट्टीत कोणीतरी माझी चाचणी घेतली आणि त्यांचं डोकं फिरलं. स्टुलावर चढून त्यांनी वाटी आणि हातोडीच्या मध्ये चक्क लोकरी मोजा कोंबला! धुतलेला होता की नाही, विचारू नका. मला रडू कोसळलं, तेही आवाज न करता.

अधिवेशन सुरू झालं, पण ग्रंथपाल मोजा काढायला विसरले. एका सरकारी खात्याने हातगाड्यांवर सरसकट बंदीचा नियम काढला होता. तो रद्द करावा म्हणून एका नव्या खासदारताईंनी सकाळी भाषण केलं. मतदान संध्याकाळी होतं, म्हणून ताई वाचनालयात, भाषणाला मदत केलेल्या संविधानाच्या अभ्यासक बाईंचे आभार मानायला आल्या आणि गप्पा रंगल्या.

"कायद्यानं खात्याला शिस्त लावायचा अधिकार दिलाय, धंदा बंद पाडायचा नाही, हे तुम्हीच शोधलंत," ताई म्हणाल्या. "मला एवढंच ठाऊक की आईनं हातगाडीवर इस्त्री करून मला शिकवलं."

"मग हे भाषणात का नाही सांगितलंत?"

"रडू आलं असतं हो!"

तेवढ्यात माझ्या अंगात वीज आली. आधीचं कामकाज गुंडाळलं होतं, मतदान ठरल्याआधीच आलं होतं! मी जिवाच्या आकांताने वाजले. आवाज आला, थप थप. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला फार भीती वाटली.

नशीब, अभ्यासक बाईंना विचार करताना वर बघायची सवय.

"अगंबाई, मोजा का नाचतोय?" त्या ओरडल्या, "अहो, घंटा वाजतेय! पळा ताई!"

ताई उठल्या, पेपरमागे डुलक्या काढणाऱ्या एका वयस्क खासदारांना त्यांनी हाताला धरून उठवलं, आणि दोघं धावत सुटली. दारं लागता लागता आत शिरली. बंदी रद्द करायचा प्रस्ताव एका मताने मंजूर झाला. ते मत आपलंच, असं दोघंही अजून सांगत फिरतात.

ग्रंथपालांनी मोजा काढला. "चुकलं गं बाई माझं," मला म्हणाले. पुढे ताईंच्या आई संसद पाहायला आल्या, तेव्हा हा किस्सा ऐकून तो मोजा घरी घेऊन गेल्या. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ग्रंथपालांना परत पाठवला.

आता मी पुन्हा मोकळ्या गळ्याने वाजते. वाचकहो, शांतता खुशाल मागा, पण माझं तोंड बंद करू नका. माझ्या आवाजावर कुणाची तरी हातगाडी चालते.