सलिमाचं वय

या, जवळ सरकून बसा. एका लेकराच्या वयाची गोष्ट सांगतो. दुष्काळात कोल्हापूरजवळ सरकारनं तळ्याचं काम काढलं. सात वर्षांच्या आतल्या लेकरांना तिथं आंबील फुकट मिळे. त्यावरच्यांनी मातीची पाटी उचलायची, तेव्हाच पोटाला. उचगावची लालबी तापातून उठलेल्या लेकीला, सलिमाला, कडेवर घेऊन कारकुनापुढं उभी राहिली.

"वय?"

"सहा, रावसाहेब. म्हाराज गादीवर बसलं त्याच साली झाली की."

कारकून हसला. "बाई, सकाळपासून सगळ्या आया तेच साल सांगताहेत. आ कर गं पोरी."

सलिमाचे पुढचे दोन दात पडले होते.

"दात पडले की सात धरायची, असा हुकूम आहे."

"लवकर पडल्यात वो. खोटं सांगत न्हाय मी."

"खोटं कुठं म्हणतोय? पण हुकूम माझा नाही."

लालबीनं सलिमाला खाली उतरवून तिच्या डोक्यावर पाटी ठेवली. पोरगी भारानं एका अंगाला कलली, तसा लालबीनं पाटीला हात लावला.

"ज्याची पाटी त्यानंच न्यायची," मुकादम म्हणाला.

लालबीनं हात काढून घेतला.

देवाचं नाव घेऊन घास उचलाल, मायबापहो, तेव्हा त्या सलिमाला तेवढं आठवा.